आकड्याला वाली कोण?

गरोदर बाईने घरीच बीपी मोजायचं, आकडा मोबाइलवरून दवाखान्यात कळवायचा आणि गरज पडेल तेव्हाच गाडीत बसायचं, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. पटावी अशीच ती आहे. गरोदरपणातला उच्च रक्तदाब बराच काळ मुका असतो. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० च्या वर गेला तरी बाई शेतात जाते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. तिला काही होत नसतं. मग एखाद्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखतं आणि कधी कधी त्यानंतर काही तासांतच झटके येतात. जगभरातल्या मातामृत्यूंपैकी साधारण सातातला एक मृत्यू रक्तदाबाच्या विकारांनी होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या आजाराची पहिली खूण फक्त आकड्यात दिसते, तो आकडा बाईच्या घरातच दिसू लागला तर त्यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. पण या कल्पनेच्या बाजूने जे बोललं जातं, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. यंत्र आकडा दाखवतं. तो बघून कुणीतरी उठावं लागतं, फोन करावा लागतो, गोळी द्यावी लागते, गाडी पाठवावी लागते. हे कुणी करायचं ते आधी ठरलेलं नसेल, तर देखरेखीच्या नावाखाली नुसती मोजणी उरते, आणि मोजणीने बाई वाचत नाही. माझं दुसरं म्हणणं याच्याही पुढचं आहे, आणि ते अनेकांना उलटं वाटेल: महाराष्ट्रात घरच्या बीपी-देखरेखीची सुरुवात बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांपासून करावी. गरोदरपणाचा नंबर त्यानंतर.

आधी तपासण्यांचं वेळापत्रक आलं कुठून ते पाहू. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडलं. रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढायची रीत दिली. पुढे १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने एक पत्रक काढलं: पहिली तपासणी सोळाव्या आठवड्यात, मग चोविसाव्या, अठ्ठाविसाव्या, त्यानंतर छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि शेवटी दर आठवड्याला. जगातल्या बहुतेक देशांनी गरोदरपणाच्या तपासण्यांचा सांगाडा याच पत्रकावरून उचलला. आपल्याकडे किमान चार तपासण्यांचा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आठ भेटींची शिफारस केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते. तारीख ठरलेली असली की बाईला लक्षात राहतं, डॉक्टरही हजर असतो. त्या योजनेने पुष्कळ जोखमीच्या बायका वेळेत सापडल्या असतील, यात मला शंका नाही. पण १२ तारखेला वाढलेलं बीपी पुढच्या ९ तारखेची वाट पाहत नाही.

हा नुसता तर्क नाही. ब्रिटनमध्ये १९९२ साली देशभरात गरोदरपणात, प्रसूतीत किंवा त्यानंतर झटके आलेल्या बायकांची माहिती गोळा केली गेली. एकूण ३८३ जणी सापडल्या. त्यांतल्या बहुतेकींना, सुमारे ८५ टक्के जणींना, डॉक्टरने किंवा सुईणीने शेवटचं पाहिल्यापासून आठवड्याच्या आत झटका आला होता. म्हणजे तपासणी चुकलेली नव्हती. दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत आजार पुढे निघून गेला होता. हे मधले दिवस भरून काढायचे, एवढाच घरच्या मोजणीचा खरा दावा आहे, आणि तो रास्त आहे.

मग प्रयोगांत काय दिसलं?

इंग्लंडमध्ये १५ रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोखीम जास्त असलेल्या २,४४१ गरोदर स्त्रिया तीत होत्या. अर्ध्या जणींना बीपीचं यंत्र आणि अ‍ॅप दिलं, आठवड्यातून तीनदा मोजायला सांगितलं. उरलेल्यांच्या नेहमीसारख्या तपासण्या झाल्या. अपेक्षा अशी की घरी मोजणाऱ्यांचा वाढलेला दाब दवाखान्यात आधी नोंदला जाईल. तसं झालं नाही. दोन्ही गटांत त्याला सरासरी साडेतीन महिन्यांच्या आसपास वेळ लागला. फरक जेमतेम दोन दिवसांचा, म्हणजे नसल्यासारखाच. बीपी आधीच वाढलेल्या ८५० स्त्रियांची जोडचाचणी झाली, तीतही दाब आटोक्यात ठेवण्यात घरच्या मोजणीने फरक पडला नाही.

हे निष्कर्ष आले तेव्हा घरच्या मोजणीचा काही उपयोग नाही, असा अर्थ पुष्कळांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. याच चाचणीत अनेक जणींच्या घरच्या नोंदींत दाब वाढलेला होता, तोही दवाखान्याच्या कागदावर येण्याच्या कितीतरी आधी. आकडा होता. बाईच्या हातातल्या फोनमध्ये होता. पण तो व्यवस्थेच्या दृष्टीने खरा ठरला तो दवाखान्यात सुईणीने आपल्या यंत्रावर मोजला तेव्हाच. घरचा आकडा खरा मानून पुढे काय करायचं, याचा अधिकार आणि जबाबदारी त्या रचनेत कुणाकडे पुरेशी दिलेली नव्हती. इंग्लंडसारख्या देशात, जिथे सुईण फोन उचलते आणि रुग्णालय तासाभरावर असतं, तिथे असं घडलं. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर काय घडेल?

त्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर आपल्या शेजारीच मिळालेलं आहे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, जिथे मराठी घरोघरी ऐकू येते त्या सीमाभागापासून आत कृष्णा-मलप्रभेच्या खोऱ्यापर्यंत, गेल्या दशकात एक मोठा प्रयोग झाला. आशाताई आणि नर्सबाईंना बीपीचं यंत्र आणि मोबाइलवर एक अ‍ॅप दिलं. त्यांनी गरोदर बाईच्या घरी जायचं, बीपी मोजायचं, लक्षणं विचारायची. जोखीम किती ते अ‍ॅप सांगणार. दाब फार असला तर मेथिलडोपाची गोळी आणि झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन जागेवरच देऊन बाईला पुढे पाठवायचं. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही हाच प्रयोग चालला. तिन्ही देशांचे एकत्र निष्कर्ष २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आले: आई आणि बाळाच्या मृत्यू व गंभीर आजारांचं एकूण प्रमाण कमी झालं नाही.

याच पट्ट्यातल्या गोकाकला आणखी एक चाचणी झाली, आफ्रिकेतल्या आणि हैतीतल्या केंद्रांबरोबर. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अँड्र्यू शेनन यांच्या गटाने बनवलेलं एक साधं यंत्र तीत वापरलं होतं. मोबाइलच्या चार्जरवर ते चार्ज होतं, किंमत माफक, आणि आकड्याबरोबर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवतं. १४०/९० ला पिवळा, १६०/११० ला लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो दिवा कळतो. पाच लाखांहून जास्त बाळंतपणं या अभ्यासात मोजली गेली. वाईट घटनांत घट दिसली, पण त्या काळात सगळीकडे आपोआप होत असलेली सुधारणा वजा केल्यावर यंत्रामुळेच ती झाली असं ठामपणे म्हणता येईना. चांगलं यंत्र, शिकलेल्या परिचारिका, आणि तरीही उत्तर धूसर.

बेळगावच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी दिसली. ज्या बायकांच्या घरी आठ किंवा त्याहून जास्त भेटी झाल्या, त्यांच्यात वाईट घटना कमी होत्या. यावरून कार्यकारणाचं प्रमाणपत्र देता येत नाही, कारण ज्यांच्यापर्यंत पोचणं सोपं त्यांच्याचकडे भेटी जास्त झाल्या असतील. पण एका मोजणीला आणि एका चिठ्ठीला फार अर्थ नाही, परत परत येणाऱ्या माणसाला आहे, हे त्यातून सूचित होतं. दुसरी अडचण त्या रचनेतच होती. बाईला ओळखून पुढे पाठवलं, पण पुढचा दवाखाना होता तसाच राहिला. तिथे खाट आहे का, रात्री डॉक्टर आहे का, रक्त आहे का, याला प्रयोगाने हात लावला नव्हता. मातामृत्यूच्या अभ्यासात थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली: दवाखान्यात जायचं ठरवण्यातला उशीर, तिथे पोचण्यातला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. घरचं यंत्र फार तर पहिला उशीर कमी करतं. तिसरा तसाच राहिला तर पहिला कमी होऊनही पदरात काही पडत नाही.

आता जिथे उपयोग झाला ते उदाहरण पाहू, कारण माझा सगळा भर त्यावर आहे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात, अदी हिर्शबर्ग आणि सिंधु श्रीनिवास या दोन प्रसूतितज्ज्ञांना एक साधा प्रश्न सतावत होता. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायका बाळंतपणानंतर घरी जात आणि बीपी तपासायला परत येतच नसत. बाळंतपणानंतर दाब लगेच उतरतो असा समज आहे. बाळ आणि वार बाहेर आली की मूळ कारण संपतं हे खरं. पण दाब कित्येकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा चढतो. नेमक्या तेव्हा बाई घरी असते. त्यांनी २०६ जणींचे दोन गट केले. एका गटाला चार ते सहा दिवसांनी दवाखान्यात या, असं सांगितलं. दुसऱ्या गटाला डिस्चार्जच्या वेळी यंत्र हातात दिलं आणि पुढचे दोन आठवडे रोज दोनदा फोनवर साधा मेसेज पाठवला: बीपी किती? अ‍ॅप नाही, इंटरनेट नाही. बाईने आकडा लिहून पाठवायचा, लगेच उत्तर येणार, आणि दाब १६०/११० ला पोचला तर डॉक्टरचा फोन वाजणार. पहिल्या दहा दिवसांत निदान एक आकडा मिळाला अशा बायका दवाखान्याच्या गटात ४३.७ टक्के होत्या, मेसेजच्या गटात ९२.२ टक्के. पुढे त्यांनी आकडे वंशानुसार वेगळे करून पाहिले. दवाखान्याच्या गटात कृष्णवर्णीय बायकांपैकी तिघींतली एक आली होती, इतरांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त. मेसेजच्या गटात दोन्हीकडे नऊ दशांशांहून अधिक. ज्यांना सुट्टी मिळत नाही, गाडी नाही, मोठं मूल घरी ठेवायला कुणी नाही, त्या बायका बेफिकीर नव्हत्या. दवाखाना त्यांच्या आयुष्यात बसत नव्हता.

ऑक्सफर्डमध्ये याच काळातल्या २२० बाळंतिणींवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे बायका घरी मोजत आणि डॉक्टर त्या आकड्यांवरून दुरूनच गोळ्यांचं प्रमाण कमी-जास्त करत. नऊ महिन्यांनी पाहिलं तर त्यांचा खालचा दाब, चोवीस तासांची सरासरी धरून, इतरांपेक्षा जवळपास सहाने कमी होता. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, हे लक्षात घेतलं तर हा फरक लहान नाही.

इंग्लंडमधली पहिली चाचणी आणि या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. यंत्र तिन्हीकडे जवळजवळ सारखंच. फिलाडेल्फियात आणि ऑक्सफर्डमध्ये आकडा ज्याच्याकडे जात होता, त्याचं ते कामच होतं. त्याने तो घरचा म्हणून बाजूला ठेवला नाही, त्यावर निर्णय घेतला. आणि काळही नेमका होता: दहा दिवस, दोन आठवडे, काही महिने. नऊ महिने कुठल्यातरी फाइलकडे आकड्यांचा ओघ सोडून देणं आणि दोन आठवडे एका बाईवर नजर ठेवणं, यांत माणूसबळाचा किती फरक पडतो ते कोणत्याही तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विचारावं.

म्हणून मी बाळंतपणानंतरचे दिवस आधी म्हणतो. वर सांगितलेल्या १९९२ च्या ब्रिटिश नोंदीत ४४ टक्के बायकांना पहिला झटका बाळंतपणानंतर आला होता. आपल्याकडे या दिवसांची स्थिती आणखी नाजूक आहे आणि त्याची कारणं आपल्या रीतीभातीत आहेत. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. हे मोठं यश आहे. मातामृत्यूंचं प्रमाण २०१८–२० मध्ये लाख जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७ असताना. पण साधं बाळंतपण झालं की दोन दिवसांत डिस्चार्ज होतो, सरकारी गाडी घरी सोडते, आणि दार बंद होतं. सव्वा महिना बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखलं तर वारं लागलं म्हणून कानाला फडकं बांधतात, जागरणाने होतं म्हणतात, शेक देतात. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा होते, घर जागं असतं, आणि बऱ्याच जणींचा दाब नेमका याच दिवसांत सर्वांत वर असतो. झटका आला तर बाहेरचं काही लागलं, असंही अजून म्हटलं जातं. यात त्या घराचा दोष काढण्यासारखं काही नाही. डिस्चार्जच्या कागदावर बाळाच्या लसीची तारीख असते. आईचं डोकं दुखलं तर काय समजायचं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते. तोवर तिचं बीपी ज्या उपकेंद्राने पाहिलं ते सासरच्या गावचं. बाळंतीण म्हणून ती असते दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असेल तर नशीब. पहिलटकरणीला या आजाराचा धोका जास्त असतो, आणि पहिलटकरीणच सर्वांत जास्त हलते. बीडकडच्या ऊसतोड जोडप्यांचं तर सगळंच हलतं: दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडलेली बाई गरोदर असली तर तिच्या तपासण्या कोणत्या गावच्या वहीत लिहायच्या? कारखान्याच्या फडावरच्या पालात राहणाऱ्या बाईला ‘आमच्या कार्यक्षेत्रातली नाही’ म्हणणं फार सोपं असतं. आकडा फोनवरून जात असेल तर गाव बदललं तरी तो चुकत नाही, आणि दूरस्थ देखरेखीचा सर्वांत खरा फायदा मला इथे दिसतो. पण त्यासाठी आकडा गावाला न जोडता बाईला जोडलेला हवा, आणि तो बघणारा माणूस दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर थांबणारा नको.

आपल्याकडे यासाठी लागणारी निम्मी गोष्ट आधीच चालू आहे. नवजात बाळाच्या घरच्या काळजीच्या कार्यक्रमात आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. झोळीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो. बाळाचं वजन घेतलं जातं, ताप पाहिला जातो. तिसरा आणि सातवा दिवस. बाळासाठी ठरवलेले हे दिवस आईच्या दाबासाठीही नेमके आहेत. त्या झोळीत बीपीचं यंत्र टाकणं आणि ज्या बायकांचं बीपी गरोदरपणात वाढलेलं होतं त्यांच्या हातात दोन आठवड्यांसाठी एक यंत्र देऊन ठेवणं, यात तांत्रिक अवघड असं काही नाही. दोन आठवड्यांनी यंत्र परत घ्यायचं, पुढच्या बाईला द्यायचं.

पण आशाताईच्या झोळीत काहीही टाकायचं आणि मोबदल्याचं नंतर पाहू म्हणायचं, ही आपली जुनी सवय आहे. या सहा भेटींचे तिला मिळून अडीचशे रुपये मिळतात. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप केला, तो उगाच नव्हे. नव्या कामाला नवा मोबदला, आणि तो महिन्याच्या महिन्याला, ही या योजनेची पहिली अट असायला हवी, तळटीप नव्हे. जी बाई रात्री दहाला दुसऱ्या बाईच्या घरी जाऊन दंडाला पट्टा बांधणार, तिचे पैसे सहा महिने थकले तर ती जाणार नाही, आणि तिला बोल लावायचा कुणालाही हक्क नाही.

आकडा लाल आला की पुढे काय? इथे नागपूरने जगाला एक मोठी गोष्ट दिली आहे आणि तिची महाराष्ट्रातच पुरेशी कदर झालेली नाही असं मला वाटतं. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, दाब धोक्याच्या पातळीला पोचलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांवर तीन साध्या तोंडी औषधांची तुलना झाली: निफेडिपिन, लॅबेटालॉल आणि मेथिलडोपा. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. सहा तासांत दाब सुरक्षित पातळीवर आला आणि काही विपरीत घडलं नाही, अशा स्त्रिया निफेडिपिनच्या गटात ८४ टक्के होत्या, मेथिलडोपाच्या ७६ आणि लॅबेटालॉलच्या ७७ टक्के. तोवर अशा वेळी शिरेतून औषध, मॉनिटर, सतत हजर परिचारिका, हेच सर्वोत्तम मानलं जात होतं. नागपूरने दाखवलं की फ्रिज न लागणारी, स्वस्त, गिळायची गोळीही काम करते. अर्थात हा अभ्यास रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली झाला. बाईने घरी मनाने गोळी घ्यावी असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पण उपकेंद्रातल्या नर्सबाईने फोनवर डॉक्टरच्या सांगण्यावरून पहिली गोळी द्यावी आणि मग गाडीत बसवावं, याला आता भक्कम आधार आहे. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग रेफर करायची परवानगी नर्सबाईंना केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी केव्हाच दिलेली आहे. परवानगी कागदावर असते आणि इंजेक्शन कपाटात मुदत संपून पडलेलं असतं, किंवा कपाटात इंजेक्शन असतं आणि नर्सबाईला धीर नसतो. तो धीर फोनच्या पलीकडच्या आवाजाने येतो. दूरस्थ सेवेचा हाही एक उपयोग आहे आणि त्याची चर्चा कमी होते: बाईवर नजर ठेवण्याइतकंच, गावात एकटीने निर्णय घेणाऱ्या नर्सबाईच्या पाठीशी कुणीतरी उभं राहणं.

यंत्राबद्दल थोडं बोलायलाच हवं. बाजारातलं हवं ते बीपी यंत्र गरोदर बाईला चालतं असं नाही. गरोदरपणात, आणि विशेषतः लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या या आजारात, पुष्कळ स्वयंचलित यंत्रं दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. गरोदरपणात तपासून खरी ठरलेली यंत्रंच घ्यावी लागतील. पट्ट्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा: बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी येतो, आणि आपल्या आदिवासी भागातल्या बायकांचे दंड बारीकच असतात. पाच मिनिटं स्वस्थ बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलणं नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण सांगणारं कुणीतरी लागतं. निविदा काढताना सर्वांत स्वस्त यंत्र घेतलं तर ते बाईला खोटा दिलासा देईल, आणि ते मोजणी न करण्यापेक्षा वाईट. शिवाय यंत्र फक्त दाब सांगतं. लघवीची तपासणी, रक्तातल्या प्लेटलेट्स, यकृत, बाळाची वाढ, यांतलं काहीच घरी होत नाही. म्हणून गरोदरपणात घरची मोजणी दवाखान्याच्या भेटींच्या जोडीला हवी, त्यांच्या जागी कधीच नको. ज्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद वर्षानुवर्षं रिकामं आहे, तिथे ‘आता अ‍ॅप आहे’ असं उत्तर येऊ लागलं, तर मी या सगळ्या कल्पनेच्या विरोधात उभा राहीन.

फोनचंही तसंच. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्यांच्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांचा आकडा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा भावाच्या फोनवरून जाणार, आणि तो फोन दिवसभर शेतात किंवा एमआयडीसीत असणार. त्यामुळे अ‍ॅप नको, साधा मेसेज किंवा मिस्ड कॉल हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मेसेज न येणं हाही एक निरोप मानला पाहिजे. आकडा आला नाही तर बाईने कळवलं नाही असं लिहून वही मिटायची नाही. त्या दिवशी आशाताईने तिच्या दारी जायचं. दूरस्थ देखरेखीचा माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे की जबाबदारी हळूच बाईकडे सरकते. आधी दवाखाना दूर होता म्हणून ती मेली असं म्हणायचो. उद्या तिने बटण दाबलं नाही म्हणून मेली असं म्हणू.

तर रविवारी रात्री नऊ वाजता १६६/११२ असा आकडा आला, तो कुणाच्या फोनवर वाजतो? राज्यात आरोग्यविषयक सल्ल्याची १०४ ही सेवा आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, गरोदर बायकांसाठी १०२ आहे. या तिन्हींच्या पलीकडे, जिल्ह्यातल्या एका प्रसूतितज्ज्ञाचं नाव त्या रात्रीच्या पाळीला लिहिलेलं हवं, आणि त्या तज्ज्ञाला गोळी सांगायचा, गाडी मागवायचा, कोणत्या रुग्णालयात खाट आहे ते विचारून ती राखून ठेवायचा अधिकार हवा. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत २०१७ पासून प्रौढांच्या उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तेव्हा ठरलेले औषधोपचार, अखंड गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा यांवर त्याची उभारणी होती. तीच शिस्त बाळंतिणींसाठी आणायची आहे. नवीन शोध लावायचा नाही.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. गरोदरपणातच दगावणाऱ्या बायकांचं काय, त्यांना मागे ठेवून बाळंतिणींपासून सुरुवात का? माझं उत्तर व्यवहाराचं आहे. बाळंतपणानंतर कोणावर नजर ठेवायची हे नेमकं माहीत असतं: गरोदरपणात किंवा प्रसूतीत ज्यांचं बीपी वाढलं त्या. काळ नेमका असतो, आशाताईच्या भेटी ठरलेल्या असतात, पोटात बाळ नसल्याने औषधाचा निर्णय सोपा असतो. इथे रात्रीचा फोन उचलायची सवय लागली, गाडी-खाट-गोळी ही साखळी एकदा जोडली गेली, की तीच गरोदर बायकांसाठी वापरता येईल. उलट क्रमाने गेलो, तर हजारो गरोदर बायकांचे आकडे रोज येत राहतील, बहुतेक सगळे ठीक असतील, आणि पाहणारा महिनाभरात पाहणं सोडून देईल.

दोन जिल्हे निवडावेत, एक माहेरांचा आणि एक स्थलांतराचा. सातारा आणि बीड चालतील. वर्षभर काम करावं आणि किती बायकांनी किती आकडे पाठवले ते मोजत बसू नये. १६०/११० च्या वरचा आकडा आल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती मिनिटं गेली ते मोजावं, आणि ज्या बाईचा आकडा आलाच नाही तिच्या दारी किती तासांत कुणी पोचलं ते. वर्षाअखेरीस ही मिनिटं आणि हे तास कमी झालेले नसतील, तर माझं म्हणणं चुकलं असं समजावं, आणि यंत्रांच्या पुढच्या खरेदीचे पैसे त्याच जिल्ह्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांत रात्रपाळीचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ नेमण्यासाठी द्यावेत.